न पचणारे लोह

हिवतापाच्या परजीवीला मारणारी आजवरची सर्वांत यशस्वी औषधे त्याच्या एखाद्या अवयवावर थेट घाव घालत नाहीत. ती त्याच्याच जेवणातून निघालेल्या एका घटकाला हाताशी धरतात, आणि तो घटक मुळात ज्याच्या रक्तात परजीवी राहतो त्या माणसाचा असतो. जीवरसायनशास्त्र शिकवताना हिवतापाचा भाग आला की मी या गोष्टीपाशी दर वेळी थोडी जास्त रेंगाळते. औषधांची नावे, त्यांचे गट आणि त्यांच्या मात्रा पाठ्यपुस्तकात मिळतात. परंतु ही औषधे इतकी वर्षे का टिकली आणि पुढे निष्प्रभ झाली ती नेमकी कशामुळे, हे समजून घ्यायचे असेल तर त्या एका घटकाची, म्हणजे हीमची, हकिगत मुळापासून पाहावी लागते.

तांबडी रक्तपेशी ही राहण्यासाठी मोठी विलक्षण जागा आहे. परिपक्व झालेल्या तांबड्या पेशीला केंद्रक नसते, तंतुकणिका नसतात, नवी प्रथिने घडवण्याची यंत्रणाही उरलेली नसते. शरीरातल्या इतर बहुतेक पेशी आपल्या आत काय चालले आहे याची खबर पृष्ठभागावरून रोगप्रतिकारक पेशींना देत असतात. ती सोय तांबड्या पेशीकडे नाही. लपून राहू पाहणाऱ्याला याहून सुरक्षित आसरा मिळणे अवघड, मात्र त्या आसऱ्यात खाण्यासाठी जवळजवळ एकच पदार्थ आहे. पेशीच्या वजनाचा सुमारे एकतृतीयांश भाग हिमोग्लोबिनचा असतो. एका पेशीत त्याचे साधारण २७ कोटी रेणू असतात, प्रत्येक रेणूत ग्लोबिन प्रथिनाच्या चार साखळ्या, प्रत्येक साखळीच्या खोबणीत एक हीम, आणि प्रत्येक हीमच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. म्हणजे आठ मायक्रोमीटरच्या आत-बाहेर रुंदी असलेल्या त्या चपट्या पिशवीत हीमचे शंभर कोटींहून अधिक रेणू व्यवस्थित बांधून ठेवलेले असतात.

ॲनाफिलीस डासाच्या मादीने चावा घेतल्यावर शरीरात शिरलेला परजीवी आधी यकृतात जातो. तिथल्या एकेका पेशीत तो हजारोंच्या संख्येने वाढतो आणि आठवडाभराने रक्तात उतरतो. प्लाझ्मोडियम फाल्सिपॅरम, म्हणजे या कुळातली सर्वांत घातक जात, तांबड्या पेशीत शिरल्यापासून सुमारे ४८ तासांत एकाचे १६ ते ३२ होऊन पेशी फोडून बाहेर पडते. थंडी वाजून येणारा ताप हा या फुटण्याचा परिणाम असतो. हा ४८ तासांचा हिशेब लक्षात ठेवावा लागतो, कारण औषधांच्या मात्रा ठरवताना वैद्यकाला याच काट्यावर चालावे लागते.

या ४८ तासांतल्या वेगवेगळ्या अवस्था काचपट्टीवर पाहायला मिळतात. रक्ताचा पातळ थर देऊन, तो वाळवून, जिम्सा रंगात रंगवून तेलभिंगाखाली धरला की पहिल्या काही तासांतला परजीवी नाजूक अंगठीसारखा दिसतो: निळसर कडे, त्यावर लालसर ठिपका, आणि मध्ये रिकामी वाटणारी जागा. विद्यार्थ्यांना ही अंगठी ओळखायला शिकवणे तसे सोपे असते. माझे स्वतःचे लक्ष मात्र नेहमी त्यानंतरच्या अवस्थेकडे जाते. अंगठी भरत जाते, तिचा आकार बेढब होतो, आणि तिच्या पोटात सोनेरी तपकिरी रंगाचा एक खडा दिसू लागतो. तो रंग जिम्साचा नसतो. काचपट्टी अजिबात रंगवली नाही तरी तो खडा दिसतोच. ध्रुवित प्रकाशात पाहिला तर काळोख्या पार्श्वभूमीवर तो चमकतो, कारण तो खरोखरचा स्फटिक असतो. त्याला हिमोझॉइन म्हणतात.

हिवतापाच्या संशोधनाचा अर्धा इतिहास या रंगीत कणांच्या मागावर घडला आहे. १८४७ मध्ये हाइनरिख मेकेल या जर्मन वैद्याने एका मृत रुग्णाच्या रक्तात आणि प्लीहेत काळपट तपकिरी कण पाहिले. त्यांचा कुठल्या जिवाशी संबंध असेल हे त्या वेळी कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातल्या कॉन्स्टन्टीन येथे आल्फाँस लाव्हराँ हे फ्रेंच लष्करी डॉक्टर अशाच कणांचा अभ्यास करत असताना त्यांना कण बाळगणाऱ्या गोल शरीरातून वळवळते तंतू बाहेर पडताना दिसले, आणि हिवताप एका जिवंत परजीवीमुळे होतो हे त्यांनी ओळखले. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी रुग्णाचे रक्त प्यालेल्या डासाचे पोट उघडले, तेव्हा त्याच्या भित्तिकेत काही गोल पेशी होत्या. त्या डासाच्या स्वतःच्या नव्हेत, हे रॉस यांना कशावरून कळले, तर त्यांच्यात रुग्णाच्या रक्तात दिसणारेच काळे कण होते. परजीवी आपल्या जेवणाचा उरलेला भाग बाहेर टाकू शकत नाही आणि तो पुरता लपवूही शकत नाही, म्हणून माग काढणाऱ्यांना तो सापडला.

हा खडा तयार का होतो? परजीवी पेशीतल्या हिमोग्लोबिनचा साठ ते ऐंशी टक्के भाग खातो. पेशीचा रस तो आपल्या पृष्ठभागावरच्या एका छोट्या खोलगट तोंडातून घोटाघोटाने आत ओढतो आणि अन्नरिक्तिकेत, म्हणजे अन्न पचवण्याच्या आपल्या पिशवीत, नेतो. या रिक्तिकेतले द्रव आम्लधर्मी असते; त्याचा सामू साधारण ५ ते ५.५ असतो. तिथे प्लाझ्मेप्सिन नावाची विकरे हिमोग्लोबिनचा पहिला तुकडा पाडतात, फाल्सिपेन नावाची विकरे ते तुकडे आणखी बारीक करतात, त्यापुढची विकरे छोटे पेप्टाइड बनवतात आणि अखेर सुटी अमिनो आम्ले मिळतात. विशेष असे की प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल अजिबात नसते, त्यामुळे हजारो हिमोग्लोबिन खाऊनही परजीवीला आयसोल्युसिन रक्तद्रवातून आयात करावेच लागते. जितके तो खातो त्यातला थोडाच भाग तो स्वतःची प्रथिने बांधायला वापरतो आणि बाकीची अमिनो आम्ले बाहेर सोडून देतो. मग इतके खाण्याचे प्रयोजन काय, या प्रश्नाला संशोधकांनी दिलेले एक उत्तर मला फार पटते: आतमध्ये वाढणाऱ्या परजीवीला जागा हवी असते, आणि पेशीतले हिमोग्लोबिन तसेच राहिले तर पेशी पाणी शोषून वेळेआधी फुटेल. म्हणजे खाण्याचा एक हेतू घर रिकामे करण्याचाही असतो.

ग्लोबिन पचते; हीम पचत नाही. प्रथिनाच्या खोबणीत असेपर्यंत हीम आज्ञाधारकपणे प्राणवायू धरते आणि सोडते, परंतु खोबण मोडली की ते अतिशय घातक होते. त्याच्यातले लोह ऑक्सिडीकृत होते, त्या ओघात प्राणवायूची आक्रमक रूपे आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात, आणि चपटा, तेलकट स्वभावाचा तो रेणू पेशीपटलांत घुसून त्यांना भगदाडे पाडतो. आपल्या शरीरात हीम फोडून त्यातून लोह वेगळे करणारे हीम ऑक्सिजिनेज हे विकर असते. परजीवीकडे असे कामाचे विकर नाही. त्याने वेगळाच मार्ग काढला: दोन हीम एकमेकांकडे तोंड करून जोडायचे, एकाचे लोह दुसऱ्याच्या कार्बोक्सिल टोकाला बांधायचे, आणि अशा जोड्या एकावर एक रचून त्यांचा स्फटिक करायचा. स्फटिकात गेलेले हीम विरघळत नाही आणि कोणाला इजाही करत नाही. या स्फटिकाची नेमकी रचना २००० मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने स्पष्ट झाली. मेकेल यांनी पाहिलेल्या कणांचे अंतरंग कळायला दीडशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

परजीवीचे जीवन अशा रीतीने एका सततच्या धोक्यावर उभे आहे, आणि क्लोरोक्विन हे औषध नेमके तिथे बोट ठेवते. हा रेणू १९३४ मध्ये जर्मनीतल्या बायर कंपनीत हान्स आंडरझाग यांनी तयार केला. क्लोरोक्विन सौम्य आम्लारी आहे. रक्ताच्या सामूला त्याचा काही अंश विद्युतभाररहित असतो, आणि तशा रूपात तो कुठल्याही पटलातून सहज आरपार जातो. अन्नरिक्तिकेच्या आम्लात शिरला की मात्र तो दोन प्रोटॉन उचलतो, त्याच्यावर दोन धन भार येतात, आणि भारित रेणूला पटल ओलांडता येत नाही. आत येण्याची वाट मोकळी आणि बाहेर जाण्याची बंद, अशा स्थितीत रिक्तिकेतले क्लोरोक्विन बाहेरच्या मानाने हजारो पटींनी साचते. तिथे ते मोकळ्या हीमला चिकटते आणि वाढत्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर बसून नव्या हीमला जागा नाकारते. परजीवी खात राहतो, हीम सुटत राहते, स्फटिक वाढत नाही. यथावकाश त्याच्याच अन्नाने तो मरतो. १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी सिंकोनाच्या सालीतून वेगळे केलेले क्विनाइनही याच कुळातले. त्याचे इतरही परिणाम असावेत असे दिसते, परंतु हीमशी असलेले त्याचे नाते फार जुने आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. क्लोरोक्विनचे लक्ष्य हीम आहे, आणि हीमचा नकाशा परजीवीच्या जनुकांत लिहिलेला नाही. परजीवी वेगाने वाढतो, प्रत्येक विभाजनात जनुकांच्या नकला करताना काही चुका होतात, आणि एखाद्या आजारी माणसाच्या शरीरात एका वेळी अब्जावधी परजीवी असतात. त्यामुळे औषध ज्या प्रथिनाला पकडते त्या प्रथिनाचा आकार बदललेला एखादा परजीवी या गर्दीत असण्याची शक्यता नेहमी असते. औषध बाकीच्यांना मारते, हा एक उरतो आणि त्याचीच प्रजा वाढते. हीमच्या बाबतीत हा मार्ग बंद आहे. आपल्या रक्तातले हीम बदलणे परजीवीच्या हातात नाही.

हा फरक किती मोठा आहे हे पायरिमेथामिनशी तुलना केल्यावर उमगते. डीएनए बांधण्यासाठी लागणारे फोलेट परजीवी स्वतः तयार करतो आणि ते कामाला लावण्यासाठी डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे विकर वापरतो. हे विकर आपल्यातही आहे, पण त्याची घडण थोडी निराळी असल्याने पायरिमेथामिन परजीवीच्या विकराला कितीतरी अधिक घट्ट पकडते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे औषध अत्यंत देखणे आहे. पण त्याचा वापर १९५० च्या दशकात सुरू झाला आणि काही वर्षांतच ते ठिकठिकाणी निकामी ठरू लागले. विकरातल्या १०८ व्या स्थानावरचे सेरीन जाऊन तिथे ॲस्पॅराजिन आले की औषधाची पकड सैल होते, आणि एवढ्या बदलासाठी जनुकातले एक अक्षर बदलणे पुरते. त्यापुढे ५१, ५९ आणि १६४ या स्थानांवरचे बदल जमा होत गेले की प्रतिकार पायरीपायरीने वाढतो. सल्फाडॉक्सिनची जोड देऊन फोलेट घडवणारे आणखी एक विकर अडवले गेले, तेव्हा त्या विकरातही बदल आले.

ॲटोव्हाक्वोनची कथाही अशीच, फक्त तिला एक अनपेक्षित वळण आहे. ते परजीवीच्या तंतुकणिकेतल्या सायटोक्रोम बी या प्रथिनाला जाऊन बसते. रक्तातला परजीवी ऊर्जेसाठी तंतुकणिकेवर फारसा विसंबून नसतो. तो ग्लुकोज अर्धवट जाळून त्याचे लॅक्टिक आम्ल करतो आणि त्यावर भागवतो. तरीही तंतुकणिका बंद पडली की तो मरतो, कारण पिरिमिडीन बनवणाऱ्या साखळीतली एक पायरी तिच्यावर अवलंबून असते. प्युरीन आणि पिरिमिडीन हे डीएनएचे घटक. प्युरीन तो आपल्या रक्तातून उचलू शकतो, पिरिमिडीन मात्र त्याला स्वतःच घडवावे लागते. सायटोक्रोम बीमध्ये एक बदल झाला की हे औषध निष्फळ होते, म्हणून ते एकटे कधीच दिले जात नाही. प्रयोगशाळेत मात्र असे आढळले आहे की हा बदल झालेले परजीवी रक्तात तगतात, पण डासाच्या शरीरात, जिथे तंतुकणिकेची खरी गरज पडते, त्यांना आपले चक्र पूर्ण करता येत नाही. त्या रुग्णापुरता प्रतिकार जिंकतो आणि पुढच्या माणसापर्यंत पोहोचण्याआधीच संपतो.

क्लोरोक्विनविरुद्ध प्रतिकार यायला किती वेळ लागला, ते आता पाहावे. दुसऱ्या महायुद्धानंतर हे औषध प्रचंड प्रमाणावर वापरले गेले. काही देशांत तर ते मिठात मिसळून साऱ्या लोकसंख्येला दिले जात असे. तशा उदंड वापरानंतर, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर आणि कोलंबियात त्याला दाद न देणारे परजीवी दिसले. जगभर पसरलेला प्रतिकार जनुकीय दृष्ट्या फार थोड्या ठिकाणी उगम पावला होता, आणि आफ्रिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून फैलावलेला प्रतिकार आशियातून आलेल्या परजीवींनी नेला. हा प्रतिकार इतक्या क्वचित का जन्मला, याचा उलगडा २००० मध्ये झाला. परजीवीच्या सातव्या गुणसूत्रावरचे पीएफसीआरटी हे जनुक अन्नरिक्तिकेच्या पटलात बसलेल्या एका वाहक प्रथिनाची माहिती बाळगते. त्याच्या ७६ व्या स्थानी मूळचे लायसिन असते आणि त्यावर धन भार असतो, म्हणून दोन धन भार घेतलेल्या क्लोरोक्विनला ते दूर लोटते. लायसिनच्या जागी भाररहित थ्रिओनिन आले की ती आडकाठी जाते आणि वाहक क्लोरोक्विनला रिक्तिकेबाहेर काढू लागतो. मात्र हा एकटा बदल प्रथिनाला पेलत नाही. निसर्गात तो नेहमी त्याच जनुकातल्या इतर अनेक बदलांच्या सोबतीनेच सापडतो. हीम बदलता येईना, तेव्हा परजीवीने हीमपाशी बसलेले औषध बाहेर काढण्याचा मार्ग शोधला, आणि तो शोधायला त्याला अनेक बदल एकाच जनुकात गोळा करावे लागले.

या मार्गाची किंमतही त्याला मोजावी लागते. त्या वाहकाचे मूळ काम हिमोग्लोबिनचे छोटे पेप्टाइड रिक्तिकेबाहेर नेण्याचे आहे, आणि औषध काढायला शिकलेला वाहक ते काम पूर्वीइतके चांगले करत नाही. म्हणूनच मलावीत जे घडले ते मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत आनंदाची बातमी वाटते. १९९३ मध्ये मलावीने क्लोरोक्विनचा वापर थांबवला. पुढच्या दशकभरात तिथले बदललेले परजीवी जवळजवळ नाहीसे झाले, मूळ वाहक असलेले परजीवी पुन्हा बहुसंख्य झाले, आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्लोरोक्विन तिथल्या मुलांवर पुन्हा जवळजवळ पूर्णपणे परिणामकारक ठरले. औषधाचा दबाव हटल्यावर खाण्यात कमी पडणारा परजीवी मागे पडला.

हीमवर विसंबलेले दुसरे मोठे औषध चीनमधून आले. २३ मे १९६७ रोजी तिथे हिवतापावर औषध शोधण्यासाठी प्रकल्प ५२३ सुरू झाला आणि काही काळाने संशोधक तू योयो त्यात दाखल झाल्या. पारंपरिक औषधांच्या अर्कांतून निश्चित काही हाती लागत नव्हते, तेव्हा चौथ्या शतकातले वैद्य गे होंग यांच्या ग्रंथातली एक सूचना त्यांच्या ध्यानात आली: चिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस घ्यावा. उकळण्याचा उल्लेख तिथे नाही, हे त्यांनी हेरले. उष्णतेने औषधी द्रव्य नष्ट होत असावे, असा तर्क करून त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. १९७१ मध्ये तो प्राण्यांवर यशस्वी झाला आणि पुढच्या वर्षी आर्टेमिसिनिन शुद्ध रूपात मिळाले. २०१५ मध्ये तू योयो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या सूचनेत काय लिहिलेले नाही हे वाचणारी नजर मला त्या पारितोषिकाइतकीच मोलाची वाटते.

आर्टेमिसिनिनच्या गाभ्यात प्राणवायूचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात. हा पेरॉक्साइड बंध तसा शांत असतो, पण लोह भेटले की तो तुटतो. परजीवीच्या आत नुकत्याच सुटलेल्या हीमचे लोह त्याला तोडते, आणि तुटलेल्या रेणूतून जे मूलक, म्हणजे अतिशय क्रियाशील तुकडे, निर्माण होतात ते हाती लागेल त्या प्रथिनाला आणि खुद्द हीमला जाऊन चिकटतात. अशी शंभराहून अधिक प्रथिने संशोधकांनी मोजली आहेत. इतक्या ठिकाणी एकाच वेळी झालेला मारा एखाद्या विकराचा आकार बदलून चुकवता येत नाही. आपल्या शरीरात हीम ठायी ठायी असूनही औषध आपल्याला जवळजवळ इजा करत नाही, याचे कारण असे की आपल्याकडचे हीम प्रथिनांच्या खोबणीत बंदिस्त असते; मोकळे हीम मोठ्या प्रमाणावर तिथेच आढळते जिथे कोणीतरी हिमोग्लोबिन खात असते.

या औषधाचा आणखी एक गुण रुग्णाच्या जिवाशी थेट निगडित आहे. फाल्सिपॅरम वाढू लागला की तो तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर चिकट गाठी उभ्या करतो आणि ती पेशी मेंदूच्या व इतर अवयवांच्या बारीक रक्तवाहिन्यांत चिकटून बसते. गंभीर रुग्णाच्या रक्तातली साखर घसरते आणि लॅक्टिक आम्ल वाढते, कारण परजीवी असलेली पेशी निरोगी पेशीपेक्षा कित्येक पटींनी अधिक ग्लुकोज जाळत असते आणि रक्तप्रवाह अडलेल्या ऊतींनाही प्राणवायूविना काम चालवावे लागते. क्विनाइन प्रामुख्याने वाढलेल्या अवस्थांवर काम करते, शिवाय ते इन्सुलिनचा स्राव वाढवून साखर आणखी खाली आणते. आर्टेमिसिनिनपासून बनवलेले आर्टेसुनेट अंगठीच्या अवस्थेतल्या परजीवीलाही मारते, म्हणजे तो अजून रक्तात फिरत असतानाच, चिकटून बसण्याच्या आधी. २०१० मध्ये आफ्रिकेतल्या नऊ देशांतल्या ५४२५ मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा क्विनाइन दिलेल्या मुलांत मृत्यूचे प्रमाण १०.९ टक्के आणि आर्टेसुनेट दिलेल्या मुलांत ८.५ टक्के होते. हा आकडा मी वर्गात सांगते तेव्हा टक्केवारीवर न थांबता त्यामागे वाचलेली मुले असतात हेही सांगते. रेणूतल्या एका बंधाचे आणि त्या मुलांचे नाते इतके सरळ आहे.

हीमच्या साहाय्याने मारणाऱ्या औषधांची मर्यादाही हीमच ठरवते. जिथे हिमोग्लोबिन खाल्ले जात नाही तिथे ती जवळजवळ निरुपयोगी असतात. व्हायव्हॅक्स जातीचे काही परजीवी यकृतात निपचित पडून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. क्लोरोक्विनने रक्त पूर्ण स्वच्छ झाले तरी यकृतातल्या या निद्रिस्तांना धक्का लागत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन लागते, आणि तेही स्वतः फारसे काही करत नाही. आपल्या यकृतातली विकरे त्याचे जे रूपांतर करतात ते परजीवीला भोवते. हीच रूपांतरित द्रव्ये तांबड्या पेशींवरही ताण आणतात, म्हणून ज्यांच्या पेशींत जी६पीडी हे संरक्षक विकर कमी असते त्यांचे रक्त या औषधाने धोकादायकरीत्या फुटू शकते. औषध देण्याआधी ही तपासणी करणे म्हणूनच महत्त्वाचे असते.

आर्टेमिसिनिनलाही अखेर उत्तर मिळाले. २००८ च्या सुमारास पश्चिम कंबोडियातून अशी वृत्ते येऊ लागली की आर्टेसुनेट दिल्यावर रक्तातून परजीवी नाहीसे व्हायला पूर्वीपेक्षा बराच अधिक वेळ लागतो. २०१४ मध्ये त्याचे मूळ केल्च १३ या जनुकात सापडले. तिथे ५८० व्या स्थानी सिस्टीनऐवजी टायरोसिन आले होते. सर्वांना प्रश्न पडला की औषध शंभर ठिकाणी मारा करते, तर एका प्रथिनातला बदल त्याला कसा अडवतो. २०२० मध्ये आलेले उत्तर वाचताना मी अक्षरशः थबकले. केल्च १३ प्रथिन परजीवीच्या त्या खोलगट तोंडापाशी, हिमोग्लोबिन आत घेण्याच्या जागी असते. ते कमी पडले की अंगठीच्या अवस्थेतला परजीवी हिमोग्लोबिन कमी घेतो. हीम कमी सुटते. हीम कमी म्हणून पेरॉक्साइड बंध तुटत नाही. आणि रक्तात जेमतेम तासाभरात ओसरणारे औषध न पेटताच निघून जाते. परजीवीने औषधाला हात लावला नाही आणि हीमलाही नाही. त्याने आपले खाणेच आवरते घेतले. उंदरांतल्या हिवतापाच्या परजीवीवर २०१५ मध्ये झालेले एक काम याला पूरक आहे: पचनाची दोन विकरे काढून टाकलेले परजीवी अपरिपक्व तांबड्या पेशींत हिमोझॉइन न बनवताच वाढू शकले, आणि ते क्लोरोक्विनला बधले नाहीत.

म्हणून आर्टेमिसिनिन एकटे देऊ नये असा आग्रह जागतिक आरोग्य संघटनेने गेली दोन दशके धरला आहे. आर्टेमिसिनिन तीन दिवसांत, म्हणजे परजीवीच्या दोन पिढ्यांवर, घाव घालून त्यांची संख्या प्रचंड घटवते, आणि उरलेल्यांना सावकाश ओसरणारे जोडीदार औषध संपवते. जोडीदार निकामी झाला की सगळाच डाव विस्कटतो. कंबोडियात पिपेराक्विनची जोड याच रीतीने फसली: हीमचा स्फटिक अडवणाऱ्या या औषधाविरुद्ध उभे राहिलेल्या परजीवींत प्लाझ्मेप्सिनच्या जनुकांच्या जास्तीच्या प्रती सापडल्या, आणि पीएफसीआरटीमध्ये नवे बदलही आढळले. केल्च १३ मधले बदल आता रवांडा, युगांडा आणि एरिट्रियात स्वतंत्रपणे उगवले आहेत, त्यांना आशियातून यावे लागलेले नाही. २०२३ या एका वर्षात हिवतापाने जगभरात अंदाजे ५ लाख ९७ हजार माणसे गेली, त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली आणि त्यांतही बहुतेक पाच वर्षांखालची मुले. त्या खंडात आर्टेमिसिनिन मंदावणे म्हणजे काय, हे या आकड्यावरून कळते.

सध्या माझे लक्ष तिहेरी औषधांच्या चाचण्यांकडे आहे, आणि त्यामागचे कारण पुन्हा अन्नरिक्तिकेच्या त्याच पटलात आहे. ल्युमेफँट्रिन आणि ॲमोडायाक्विन ही दोन औषधे परजीवीला परस्परविरुद्ध दिशांना ओढतात. ॲमोडायाक्विनच्या वापराने पीएफसीआरटीचे ७६ व्या स्थानी थ्रिओनिन असलेले रूप पुढे येते, तर ल्युमेफँट्रिनच्या वापराने तिथे मूळचे लायसिन असलेले रूप. पीएफएमडीआर१ या दुसऱ्या वाहकाच्या ८६ व्या स्थानीही हाच प्रकार दिसतो. आर्टेमिथर या आर्टेमिसिनिनपासून बनवलेल्या औषधाच्या जोडीने ही दोन्ही औषधे एकत्र दिली तर एकापासून वाचवणारा बदल परजीवीला दुसऱ्यापुढे अधिक दुबळा करतो. आग्नेय आशियात झालेल्या अशा तिहेरी उपचाराच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या भागात दुहेरी उपचार डळमळले होते तिथेही तिहेरी उपचाराने बहुतेक रुग्ण बरे झाले. आता हीच परीक्षा आफ्रिकेत चालू आहे, जिथे केल्च १३ बदललेले परजीवी आणि मूळ वाहक परत मिळवलेले परजीवी एकाच खंडात नांदत आहेत.